दिवाणावरची नवरी

आसावरीच्या पाठीत उसण भरली ती जयपूरजवळच्या बस्सीच्या एका गॅरेजात, चेपलेल्या पिकअपखाली डोकं घालून बघत असताना. अपघात झालेल्या गाड्या तपासायच्या, मोडतोड खरोखर त्याच अपघातातली आहे का ते ठरवायचं आणि विमा कंपनीला कळवायचं, हे तिचं काम. आग्रा रोड आणि टोंक रोडवरच्या बहुतेक गॅरेजवाल्यांना ती माहीत होती. जुना पोचा नव्या अपघातात खपवू बघणारे तिची गाडी दिसली की हळूच आत सटकायचे. त्या दिवशी मात्र मॅडमजींना उठताच येईना. गॅरेजच्या मालकानं, देवरामनं, आणि त्याच्या एका कारागिरानं दोन्ही दंडांना धरून तिला बाहेर ओढलं, तिच्याच गाडीच्या मागच्या सीटवर आडवं घातलं आणि जयपूरला आणून सोडलं.

हाडांच्या डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली, फोटो पाहिला आणि विचारलं, ते हिंदीतच बोलत होते, की झोपता कशावर?

"दिवाणावर," ती म्हणाली.

"दिवाण म्हणजे बैठकीतला? बसायचा?"

"हो."

"किती वर्षं?"

राघव दहावीत गेला तेव्हा त्याला अभ्यासाला खोली हवी म्हणून ती बाहेरच्या खोलीत आली होती. राघवचे आता कानावरचे केस पांढरे व्हायला लागले होते. तिनं नुसतं "बरीच" म्हटलं.

"घरात दुसरी जागा नाही?"

"आहे."

डॉक्टर लिहायचे थांबले. "मग?"

या 'मग'ला परक्या माणसासमोर देता येईल असं उत्तर तिच्याकडे नव्हतं. घर होतं जवाहर नगरात, तळमजल्यावर. वडील, सुधाकर, सांगलीहून बँकेच्या बदलीवर जयपूरला आले आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. आतल्या दोन खोल्यांपैकी एक आईबाबांची. दुसरी धाकट्या भावाची, राघवची. राघव कधीचा गुरुग्रामला नोकरीला होता, तिथेच त्याचा संसार होता. वर्षातून दोनदा तो बायकोला, सलोनीला, घेऊन यायचा. त्या दोन वेळांसाठी खोलीत डबल बेड होता, जाड गादी होती, गादीवरचं प्लास्टिकसुद्धा अजून पुरतं काढलेलं नव्हतं, आणि धूळ जाऊ नये म्हणून खोलीला कुलूप होतं. आसावरी बैठकीत दिवाणावर झोपायची आणि सकाळी उठल्याबरोबर चादर घडी करून पॅसेजमधल्या लोखंडी कपाटात कोंबायची. कुणी आलं तर बरं दिसत नाही म्हणून.

त्या संध्याकाळी पाठीला पट्टा बांधून ती आईसमोर उभी राहिली. साधनाताई गवार मोडत होत्या.

"आई, आजपासून मी राघवच्या खोलीत झोपते."

"आणि तो आला म्हणजे?"

"आला म्हणजे बघू."

"अगं, आता थोड्या दिवसांचा प्रश्न," साधनाताई शेंगेची शीर ओढत म्हणाल्या. "एकदा तुझं लग्न झालं की कुठली खोली नि कुठलं काय. आता कशाला उगीच हलवाहलव?"

आसावरीला एकोणचाळीस पुरी झाली होती. हे 'थोडे दिवस' ती तेविशीत असताना सुरू झाले होते.

सुरुवातीला स्थळं खूप आली. पण सांगली-कोल्हापूरकडच्यांना ती जयपूरची वाटायची आणि जयपूरच्यांना ती मराठी वाटायची. एकदा ठरलंही होतं. नागपूरचा निलय. साखरपुड्याची तारीख निघाली, आणि मग त्यानं फोनवर फार गोड आवाजात विचारलं, की लग्नानंतर तू ट्रकच्या खाली शिरणं सोडशील ना? ती म्हणाली, नाही सोडणार. तारीख मोडली. घरात कुणी तिला तोंडावर दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. त्याऐवजी साधनाताईंनी शांतपणे सगळं पुढे ढकललं. चांगल्या कपबशा-वाट्यांचा सेट माळ्यावर गेला, तुझ्या संसाराला होईल. पाटल्या लॉकरमध्ये गेल्या. अंदमानला जायचं तिनं ठरवलं तर, एकटी कशाला, लग्नानंतर जाशीलच. येवल्याहून आणलेली डाळिंबी पैठणी ट्रंकेत गेली. राघवच्या लग्नात आसावरीनं ती नेसायला मागितली तेव्हा आई म्हणाली होती, ती तुझ्या लग्नाची आहे, भावाच्या लग्नात नेसून जुनी करायची का? मग ती राघवच्या लग्नात भाड्याच्या लेहेंग्यात उभी राहिली, आणि लेहेंग्याची चेन मिरवणुकीतच अडकली.

दिवाणावर पाठ टेकून ती आठवडाभर घरी पडून होती. पडल्या पडल्या फोन बघायचा, दुसरं करणार काय. त्यात कुठल्याशा शहरातल्या एका मुलीची बातमी आली, की तिनं स्वतःशीच लग्न केलं. हळद लावली, मेंदी काढली, स्वतःच स्वतःला कुंकू लावलं. खाली लोकांनी मनसोक्त टिंगल केली होती. आसावरीलाही आधी हसू आलं. मग तिनं ती बातमी पुन्हा वाचली. मग डोळे मिटून पडून राहिली, आणि तिला एकदम असं वाटलं की आपल्या घरातलं ते मोठं कुलूप ज्या एका शब्दानं उघडतं तो शब्द या मुलीनं सरळ उचलून घेतला.

जेवताना तिनं सांगून टाकलं.

"मी लग्न करायचं ठरवलंय."

साधनाताईंच्या हातातला डाव भाताच्या पातेल्यात तसाच राहिला. चेहरा असा उजळला की आसावरीला पुढचं बोलवेना.

"कोण आहे गं? ऑफिसमधला? मराठीच आहे ना? नसला तरी असू दे."

"मीच आहे, आई. मी माझ्याशी करणार आहे."

बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. आईनं आधी बाबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग डाव पातेल्यात टाकून आत निघून गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज येत राहिला.

सुधाकर आयुष्यभर बँकेत बसलेले, त्यांना कुठलीही गोष्ट दोन बाजूंनी तपासल्याशिवाय राहवत नसे. "तुला खोली पाहिजे ना?" ते म्हणाले. "मग खोली घे. त्याला लग्न कशाला?"

"खोली मागून झाली, बाबा. मिळाली का?"

त्यांनी वरणात भात कालवला.

"या घरात लग्नाशिवाय मला काय मिळतं सांगा. कपबशी मिळते?"

"तू स्वतः काढून घेतली असतीस तर कुणी हात धरला असता?" ते सहज म्हणाले, टोचायचं म्हणून नव्हे.

ते मात्र तिला लागलं. कारण खरं होतं. कमावती बाई होती, गाडी चालवत होती, दांडग्या ट्रकवाल्यांना तोंड देत होती. रोज सकाळी चादरीची घडी कुणी बळजबरीनं करायला लावली होती? चांगली चप्पल दिसली तरी ती, बघू नंतर, म्हणून पुढे जायची. दात दुखला तरी नंतर. पाठ दुखायला लागून कितीतरी महिने झाले होते, तेही नंतर. आईचं 'लग्नानंतर' तिनं कधी आपल्या अंगात शिरू दिलं ते तिला कळलंच नव्हतं. तिला आईचा राग होता, पण त्याच्या वर स्वतःचा होता. म्हणूनच लग्न हवं होतं. नुसती खोली घेऊन तिचं स्वतःशी जमणार नव्हतं. चार माणसांसमोर, उभं राहून, तोंडानं काहीतरी कबूल करायचं होतं. पण हे बाबांना नीट सांगता येईना, आणि सांगता येईना म्हणून ती आणखी चिडली.

दुसऱ्या दिवशी राघवचा व्हिडिओ कॉल आला. आईनं कळवलं असणार.

"ताई, मतलब, तू ठीक आहेस ना? मी एका काउन्सेलरचा नंबर पाठवतो. खूप छान आहेत त्या. बोलून बघ एकदा."

"मला नंबर नको. तुझी खोली पाहिजे."

"ते अलग आहे ना यार. तिथे माझं सामान आहे."

"काय आहे?"

राघवला आठवावं लागलं. "आहे ना... पॅड आहेत, क्रिकेटचे. ट्रॉफी आहेत."

"ट्रॉफींना डबल बेड लागतो?"

मागून सलोनीचं हसणं ऐकू आलं, आणि फोन कापला गेला.

बाबांनी मग परीक्षित गुरुजींना बोलावलं. गुरुजी म्हणजे तिशीचा मुलगा, आठवडाभर सीतापुऱ्यात एका कंपनीत संगणकावर बसायचा आणि शनिवार-रविवार जयपूरच्या मराठी घरांत पूजा सांगायचा. बाबांना वाटत होतं, हा शास्त्र सांगून तिचं मन वळवील. गुरुजींनी मात्र प्रश्न फार गांभीर्यानं घेतला.

"अडचण पाणिग्रहणाची आहे," ते म्हणाले. "वरानं वधूचा हात धरायचा. आता तुम्हीच उजव्या हातानं डावा धरलात, तर शास्त्रदृष्ट्या तो फार तर नमस्कार होतो."

"मग तेवढं सोडून देऊ."

"तेच मुख्य आहे हो. त्यानंतर सप्तपदी. कन्यादान तर मला कळतच नाहीये. बाबा तुम्हाला तुम्हालाच देणार?" त्यांनी थोडा विचार केला. "पण एक सोय आहे. कुंभविवाह. मातीच्या घटाशी लागतो. किंवा पिंपळाशी. विष्णूच्या मूर्तीशीही लावतात. विधी व्यवस्थित आहे."

इतका वेळ दारात तोंड फिरवून उभ्या असलेल्या साधनाताई वळल्या. "पिंपळाशी चालतं?"

"उत्तम चालतं."

"सेक्टरच्या बागेत आहे पिंपळ," आई म्हणाली. तिच्या आवाजात खरोखर आशा होती.

आसावरी उठून उभी राहिली, पाठीतून कळ आली, तरी उभी राहिली. "मडकं चालतं, झाड चालतं. मी तेवढी चालत नाही?"

"अहो ताई, नियम मी नाही केले," गुरुजी म्हणाले. त्यांनी चहा संपवला, सत्यनारायण घालायचा असेल तर पुढचा रविवार मोकळा आहे म्हणून सांगितलं, आणि गेले. जाताना बाबांनी त्यांच्या हातावर साखर ठेवली, ते का, हे बाबांनाही ठाऊक नसावं.

एकच माणूस आनंदानं उड्या मारत होतं. अनुश्री. पुण्याची मुलगी, आसावरीहून दहा-बारा वर्षांनी लहान, एका जाहिरात कंपनीच्या कामासाठी जयपूरला आलेली आणि वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी. आसावरीनं तिला विश्वासानं सांगितलं. अनुश्रीनं तिला मिठी मारली, रडली, आणि दोन दिवसांत एक गच्चीवरचं कॅफे ठरवलं, फोटोग्राफर ठरवला, एका बुटिकवालीकडून फुकट लेहेंगा मिळवला. फक्त बुटिकचं नाव फोटोत दिसायला हवं होतं.

"मला लेहेंगा नको गं," आसावरी म्हणाली. "मला गच्ची पण नको. चार माणसं पुरेत."

"ताई, तुला कळत नाहीये. हे तुझ्यापुरतं नाहीये. किती बायकांना हिंमत येईल!"

"मला माझ्यापुरतंच पाहिजे."

अनुश्रीनं मान डोलावली, आणि त्याच संध्याकाळी आसावरीचा एक फोटो इंटरनेटवर टाकला. खाली लिहिलं होतं की ही बाई स्वतःवर प्रेम कसं करायचं ते अख्ख्या शहराला शिकवणार आहे. फोटोत आसावरी पाठीला पट्टा बांधून कडीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालत होती.

पुढच्या आठवड्यात ती कामावर गेली. चाकसूच्या गॅरेजात दोन ड्रायव्हर एकमेकांना कोपरानं ढोसत होते. एकानं धीर करून विचारलं, "मॅडमजी, सुना है शादी कर रही हो? बारात कहाँ से आएगी?" ती बंपर तपासायला लागली. पण जो क्लेम तिनं दहा मिनिटांत निकालात काढला असता त्यात तिनं दुपार घालवली. ऑफिसात मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून फार काळजीनं सांगितलं, की घरात काही त्रास असेल तर रजा घ्या. ज्यांनी कधी तिच्या पाठीची विचारपूस केली नव्हती ते सगळे आता तिच्या डोक्याची विचारपूस करत होते.

वर जाऊन तिनं अनुश्रीला तो फोटो इंटरनेटवरून काढून टाकायला लावला. अनुश्री दुखावली. म्हणाली, मी तुझ्यासाठीच करत होते. आसावरी म्हणाली, सगळे माझ्यासाठीच करतात. त्यानंतर दोघी जिन्यात समोर आल्या तरी फोनकडे बघत उतरायला लागल्या.

लग्नाला रविवार ठरला होता, तो तिनं तरीही तसाच ठेवला. घरातच, सकाळी, जे असतील त्यांच्यासमोर.

शनिवारी दुपारी साधनाताईंनी माळ्यावरून ट्रंक काढायला सांगितली. इतक्या दिवसांत त्या लेकीशी कामापुरत्याच बोलल्या होत्या.

"करायचंच आहे तर धड कर," त्या म्हणाल्या. "कुर्ता घालून उभी राहून आमची शोभा करू नकोस."

बाबांनी स्टूल धरलं, शेजारच्या कामवालीनं ट्रंक उतरवली. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर पसरला. साधनाताईंनी मलमलचं फडकं सोडलं आणि पैठणी मांडीवर घेतली. रंग तसाच होता, सोललेल्या डाळिंबासारखा. आईनं पदर दोन्ही हातांनी उचलून उलगडायला घेतला, आणि घडीवर चर्र झालं. आईनं हात थांबवला. मग दुसरी घडी अगदी अलगद, लहान मूल उचलावं तशी उचलली. तीही फाटली. इतकी वर्षं एकाच घडीत पडून रेशीम जिथे मुडपलं होतं तिथे तिथे झिजलं होतं. सगळी साडी पट्ट्यापट्ट्यांनी सुटत होती. मोरांचा काठ तेवढा धड राहिला होता.

मग साधनाताई बोलल्या, आणि चिडूनच बोलल्या.

"वेळेवर लग्न केलं असतंस तर ही वेळ आली नसती!"

"वेळेवर नेसायला दिली असतीस तर आली नसती!" आसावरी ओरडली. "मागितली होती मी! राघवच्या लग्नात तुझ्या पाया पडायची बाकी होते!"

"मला स्वप्न पडलं होतं का, की तू अशी बसून राहशील?"

"मी बसून राहिले? मी?"

बाबा, अगं, अगं, करत मध्ये आले आणि दोघींनी त्यांना एकदमच गप्प बसवलं. साधनाताईंनी साडी गोळा करायला घेतली. गोळा करता करता त्यांचा हात काठावरून फिरला, आणि त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "किती आवडली होती मला. दुकानात तीन वेळा परत जाऊन बघितली. मी तरी नेसले असते एकदा."

आसावरीला त्यावर जवळ जाऊन बसता आलं असतं. पण तिच्या अंगात राग इतका होता की ती दार आपटून बाहेर गेली, आणि बाहेर गेल्यावर लक्षात आलं की आपल्याला आपटायला आपलं असं दारसुद्धा नाही, ते बैठकीचं होतं.

रविवारी सकाळी टोंक रोडवर चाकसूच्या अलीकडे एक बस आणि टेम्पो एकमेकांवर आदळले. माणसं किरकोळ जखमी, गाड्यांचा चेंदामेंदा. दुसरा सर्व्हेअर गावाला गेला होता. ऑफिसचा फोन आला आणि आसावरी गेली. नाही म्हणता आलं असतं. वाटेत ती स्वतःला शिव्या देत होती, की बघ, स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा तुला नाही म्हणता येत नाही, असल्या बाईशी लग्न कुणी करावं?

दुपारी परत आली तेव्हा कुर्त्यावर ग्रीस होतं, केसांत धूळ होती, आणि भूक इतकी की डोळ्यांपुढे अंधारी येत होती. दारातच बाबा उभे होते. इस्त्रीचा झब्बा घातलेला, आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुलाबाचे दोन हार.

"फूलवाल्याकडे एकच मागितला," ते ओशाळून म्हणाले. "तो म्हणाला, वरमाला जोडीचीच मिळते. सुटी देत नाहीत."

"बाबा, मी आंघोळ तरी करते."

"मग तू झोपून जाशील. मला माहितीये. उभी राहा."

ती बैठकीत उभी राहिली, दिवाणाशेजारी. बाबांनी एक हार तिच्या हातात दिला. तो तिनं स्वतःच्या गळ्यात घातला. दुसरा हार धरून बाबा जरा वेळ विचारात पडले. कुणाला घालायचा? मग त्यांनी तोही तिच्याच गळ्यात घातला. दोन हारांच्या ओझ्यानं पाठीतली कळ पुन्हा जागी झाली. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. साधनाताई बाहेर येत नव्हत्या. पण वेलदोड्याचा वास येत होता, म्हणजे आत काहीतरी गोड होत होतं.

बोलायचं म्हणून तिनं मनात काही वाक्यं जुळवून ठेवली होती. मी माझी आहे, मी स्वतःचा स्वीकार करते, असली. ती आता ओठांवर आली तेव्हा तिला स्वतःलाच हास्यास्पद वाटली. अनुश्रीच्या फोटोखाली शोभतील अशी. ती वाक्यं तिनं सोडून दिली. बाबा वाट बघत होते.

"पाठ दुखली तर..." तिनं सुरुवात केली आणि घसा साफ केला. "पाठ दुखली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाईन. महिनोन्महिने अंगावर काढणार नाही."

बाबांनी मान हलवली.

"दाताचं काम करून घेईन. अंदमानला जाईन. रविवारी ऑफिसचा फोन घेणार नाही." इथे तिचा आवाज चढला, कारण त्या फोनचा राग अजून डोक्यात होता. "मला कुणी विचारलं, कशी आहेस, तर ठीक आहे म्हणून सांगणार नाही. नसेन ठीक तर नाही म्हणून सांगेन. आणि कुणाची वाट बघणार नाही. बास. मला आणखी काही येत नाही."

"वेळेवर जेवशील," आतून साधनाताईंचा आवाज आला. चिडकाच होता. "तेही म्हण. सकाळपासून काही नाही पोटात."

आसावरी भिंतीकडे बघून म्हणाली, "वेळेवर जेवेन."

"आणि उपाशीपोटी चहा पिणार नाही."

"ते जमणार नाही, आई."

"मग कसलं लग्न," आई म्हणाली, आणि बासुंदीची वाटी घेऊन बाहेर आली. कुंकवाचा करंडा आणला नव्हता, अक्षता आणल्या नव्हत्या. नुसती वाटी पुढे केली. डोळे सुजलेले होते. वाटी नवी होती, माळ्यावरच्या सेटमधली.

जेवण झाल्यावर आसावरीनं किल्ली मागितली. आई म्हणाली, डब्यात आहे, जाते कुठे. तिनं राघवच्या खोलीचं कुलूप काढलं, खिडकी उघडली, गादीवरचं प्लास्टिक टराटरा फाडून काढलं आणि आडवी झाली. फार काही वाटेल अशी तिची कल्पना होती. हलकं वाटेल, रडू येईल. तसं काही झालं नाही. कोंदट वास येत होता, कपाटावरून राघवच्या ट्रॉफी बघत होत्या, आणि जागी झाली तेव्हा पाठ तेवढीच दुखत होती. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, वेळ लागेल.

दिवाळीत राघव आला. दार उघडून बघतो तर पलंगावर बहिणीची चादर, कपाटात बहिणीचे कपडे, ट्रॉफी खोक्यात.

"ताई, हे काय? मग आम्ही झोपायचं कुठे?"

"गादी घाला बैठकीत. दिवाण आहे."

"दिवाणावर दोघं?"

"एकानं दिवाणावर, एकानं खाली."

सलोनीनं खाली गादी घातली. राघव दिवाणावर झोपला आणि सकाळी मान धरून बसला. भाऊबीजेची ओवाळणी झाली, त्यात दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत, आणि ठरल्यापेक्षा लवकर तो गुरुग्रामला निघून गेला. ते गेल्यावर साधनाताईंनी लेकीशी अबोला धरला. मुलगा घरातून असा गेला, हे त्यांच्या मनातून जाईना. आसावरीनंही समजूत काढली नाही. तिनं खोली सोडली नाही, पण खोलीत बसून चांगलं वाटतंय असंही झालं नाही. कधी कधी वाटायचं, मुकाट्यानं घेतली असती तर एवढं सगळं झालं नसतं. मग वाटायचं, मुकाट्यानंच तर इतकी वर्षं गेली. व्यायामाला जायला मात्र तिनं सुरुवात केली. दाताचं कामही करून घेतलं, आणि त्यातसुद्धा डॉक्टरनं, आधी यायला हवं होतं, म्हणून ऐकवलंच.

थंडी सुरू झाली तशी एका दुपारी मागच्या गल्लीतल्या रत्नप्रभाकाकू आल्या. आसावरी आतल्या खोलीत पाठीखाली उशी घेऊन पडली होती. दार अर्धं उघडं होतं. आई आणि काकू बैठकीत बसल्या. काकूंनी आवाज खाली आणला, तरी ऐकू येत होतं. त्यांच्या नात्यात एक गृहस्थ होते, पन्नाशीच्या आतबाहेर, पत्नी वारलेली, इंदूरला स्वतःचं घर.

"बघा साधनाताई, वय झालं तरी हरकत नाही म्हणतात. ते मागे काय झालं, तेही त्यांच्या कानावर घातलंय. तेही चालेल म्हणाले."

आसावरीनं उठायला घेतलं. डोकं तापलं होतं. पण उठण्यासाठी आधी कुशीवर वळावं लागे, आणि तेवढ्यात आईच बोलली.

"नको हो, रत्नप्रभाताई. तिचं झालंय लग्न."

"म्हणजे? ते जे... ते खरं धरायचं का?"

"आमच्या घरात झालंय, आम्ही बघितलंय. मग खरं नाही तर काय?" साधनाताईंच्या आवाजात कौतुकाचा लवलेश नव्हता. पाहुणीला नकार देण्याचा त्रास आणि लेकीवरचा राग, दोन्ही त्यात होते. "माणूस तापट आहे, कुणाचं ऐकत नाही. पण नोकरी चांगली आहे. चहा घ्याल ना?"

तापट? आसावरी आत कुशीवर वळलेली तशीच राहिली. इतक्या दिवसांनी आई तिच्याविषयी बोलली आणि त्यातही तापट म्हणाली. बाहेर जाऊन आईला जाब विचारावा असं फार वाटलं. पण काकूंचा चहा व्हायचा होता, आणि आज आई तिलाही अर्धा कप आणून देणार की नाही, हे आधी बघायचं होतं.